‘नाही’ म्हणू शकणारी सिंड्रेला

सिंड्रेलाची गोष्ट ठाऊक नाही, असा शहरी वाचक आज शोधूनही सापडणार नाही. सावत्र आईचा जाच, चुलीपुढची राख, भोपळ्याचा रथ, मध्यरात्रीचे ठोके आणि काचेचा बूट हा सारा ऐवज जगभरच्या बालपणाचा भाग झाला आहे. मात्र ही गोष्ट ऐकणारे चौकस मूल एके ठिकाणी हमखास अडते. सिंड्रेला सावत्र आईचे सगळे निमूट ऐकते तरी का? तिला कोणी साखळदंडाने बांधलेले नाही, घराचे दारही बंद नाही. मग ती एकदाही ‘नाही’ का म्हणत नाही? ‘ती फार गुणी मुलगी होती म्हणून,’ असे उत्तर मोठी माणसे देतात आणि गोष्ट पुढे सरकते.

हे उत्तर न पटलेल्या एका अमेरिकी लेखिकेने या प्रश्नावरच कादंबरी उभी केली. गेल कार्सन लेव्हिन यांची ‘एला एन्चांटेड’ ही कादंबरी १९९७ साली प्रसिद्ध झाली. १९९८ मध्ये तिला अमेरिकेतील बालसाहित्याच्या प्रतिष्ठेच्या न्यूबेरी पुरस्कारांपैकी ‘ऑनर’ हा सन्मान लाभला. तेव्हापासून आजपर्यंत दोन पिढ्यांच्या वाचकांनी हे पुस्तक जिवाभावाने जपले आहे. परीकथेचे पुनर्कथन ही साहित्यात नवी गोष्ट नाही. तरीही ही नायिका वाचकांच्या मनात इतकी खोल का रुजली, हे समजून घेण्यासारखे आहे.

राखेतल्या मुलीचा प्रवास

सिंड्रेला मुळातच इतकी सोशिक होती, हा एक गैरसमज आहे. या कथेचा प्रवास फार जुना आणि फार लांबचा आहे. चीनमध्ये नवव्या शतकात तुआन छंग-श या लेखकाने नोंदवलेल्या कथेत ये-श्येन नावाची मुलगी आहे. सावत्र आईने मारलेल्या तिच्या लाडक्या माशाची हाडे तिची इच्छा पुरवतात आणि तिचा हरवलेला सोन्याचा जोडा तिला राजापर्यंत पोहोचवतो. इटलीतील जांबात्तिस्ता बासिले यांच्या, १६३०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील झेझोला तर आपल्या पहिल्या सावत्र आईच्या मानेवर पेटीचे झाकण आदळून तिचा जीव घेते. तिला सोशिक म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

आपल्या ओळखीची सिंड्रेला प्रामुख्याने फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांची. १६९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहात भोपळ्याचा रथ, धर्ममाता परी आणि काचेचा बूट हे तपशील येतात. पेरो यांची नायिका छळणाऱ्या बहिणींना क्षमा करते, इतकेच नव्हे तर दरबारातील सरदारांशी त्यांची लग्नेही लावून देते. जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कथेत परी नाही. तेथे आईच्या थडग्यावर वाढलेले झाड आणि पक्षी मुलीच्या मदतीला येतात आणि बहिणी बुटात पाय बसवण्यासाठी स्वतःची बोटे व टाच कापून घेतात. १८९३ साली मरियन रोअल्फ कॉक्स या इंग्लिश अभ्यासक महिलेने या कुळातील ३४५ कथारूपे एकत्र केली. त्यावरून या कथेचा विस्तार ध्यानात यावा.

भारतही या नकाशावर आहे. कवी आणि लोकसाहित्याचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी ‘हंची’ या कन्नड लोककथेचा अभ्यास मांडला, तो १९८२ मध्ये ॲलन डंडेस यांनी संपादित केलेल्या सिंड्रेलाविषयक ग्रंथात समाविष्ट आहे. सोनेरी केसांची ही मुलगी घरातल्याच संकटातून सुटण्यासाठी मातीच्या मुखवट्यामागे चेहरा लपवून घर सोडते आणि परक्या घरी कामाला राहून आपल्या हातच्या चवीवर नाव मिळवते. ती नशिबाची वाट पाहत बसत नाही.

मग निमूट सोसणारी सिंड्रेला रूढ झाली कशी? लेखिका जेन योलेन यांनी १९७७ साली लिहिलेल्या एका निबंधात याचे उत्तर शोधले आहे. जुन्या कथांमधील मुलगी खमकी आणि हिकमती होती. अमेरिकेतील बाजारू बालपुस्तकांनी आणि १९५० च्या डिस्ने चित्रपटाने तिला गोड, हताश आणि वाट पाहणारी करून टाकले, असा त्यांचा आक्षेप होता. स्त्रीवादी समीक्षेत त्या दशकात परीकथांवर मोठा वाद झडला. परीकथा मुलींना परावलंबन शिकवतात, असे एका बाजूचे म्हणणे होते. परीकथा टाकून न देता त्यांतील विसरल्या गेलेल्या धीट मुलींना पुढे आणा, असे दुसरी बाजू सांगत होती. रॉबर्ट मंच यांच्या ‘द पेपर बॅग प्रिन्सेस’ (१९८०) या चित्रपुस्तकातली राजकन्या अग्निमुखी ड्रॅगनला युक्तीने हरवते आणि तिच्या मळक्या वेशाला नाके मुरडणाऱ्या राजपुत्राशी लग्न करण्याचे नाकारते. ‘एला एन्चांटेड’ याच वातावरणानंतरचे पुस्तक. मात्र त्याने निवडलेली वाट वेगळी आहे.

वर की शाप?

लेव्हिन यांचा जन्म १९४७ साली न्यूयॉर्क शहरात झाला. त्यांनी बरीच वर्षे न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी नोकरीत काढली. लेखनाकडे त्या वळल्या वयाच्या चाळिशीच्या सुमारास, आणि त्यानंतर सुमारे नऊ वर्षे त्यांच्या पदरी प्रकाशकांचे नकारच पडत राहिले. लेखनवर्गासाठी काहीतरी लिहायचे होते, स्वतःचे कथानक सुचत नव्हते, म्हणून त्यांनी सिंड्रेलाची गोष्ट हाती घेतली. लिहू लागल्यावर त्यांना अडचण जाणवली ती नायिकेचीच. इतक्या भाबड्या, इतक्या चांगल्या मुलीशी त्यांचे सूत जुळेना; ती सगळे हुकूम का पाळते, हेही कळेना. त्यातून एक कल्पना निघाली आणि सारी कादंबरी तिच्यावर उभी राहिली: ती स्वखुशीने ऐकत नाही, तिला न ऐकण्याची सोयच नाही.

किरिया नावाच्या काल्पनिक राज्यातील फ्रेल नगरीत एलाचा जन्म होतो. तान्ही एला रडत असते आणि काही केल्या थांबत नाही. लुसिंडा नावाची एक उतावळी परी तेथे येते आणि मोठ्या कौतुकाने तिला एक देणगी देते. हे मूल सदैव आज्ञाधारक राहील! पहिली आज्ञा म्हणून ती रडे थांबवायला सांगते आणि एला थांबते. घरातल्या कोणालाही हा ‘वर’ नको असतो, पण तो परत घेण्यास परी तयार नसते.

आपल्याकडच्या वाचकाला या कल्पनेतली धार विशेष जाणवावी. ‘आज्ञाधारक’ हा शब्द मराठीत निव्वळ कौतुकाचा आहे. शाळेतल्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ लिहून कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. मुलगी ‘ऐकणारी’ आहे, हे स्थळाच्या बोलण्यात आजही गुण म्हणून सांगितले जाते. लेव्हिन यांनी याच गुणाला टोकापर्यंत नेऊन तो दाखवला आहे. पाचव्या वाढदिवसाला घरची स्वयंपाकीण मँडी एलाला केक खायला सांगते. एला खाऊ लागते आणि पोट भरले तरी तिला थांबता येत नाही. दुसरा हुकूम मिळेपर्यंत ती खातच राहते. हुकूम टाळण्याचा प्रयत्न केला तर तिला भोवळ येते, मळमळते, श्वास कोंडतो. कोणीही, अगदी रस्त्यावरच्या परक्याने दिलेली आज्ञाही तिला पाळावीच लागते. एखाद्याने तिला स्वतःचा जीव द्यायला सांगितले तर काय, हा प्रश्न वाचकाला पहिल्या काही पानांतच पडतो.

सांगकाम्याचे बंड

एला या शापाखाली मवाळ होत नाही. ती अधिक बंडखोर होते. हुकूम पाळायचा, पण आपल्या पद्धतीने, हे तिचे शस्त्र. थोडे बदाम आण म्हटले की ती प्रथम दोनच बदाम आणून देते. भांडे धर म्हटले की ते धरून स्वयंपाकघरभर फिरते, म्हणजे मँडीला अंडी फेटत तिच्या मागे चालावे लागते. आपल्या लोककथांतला सांगकाम्या शब्दशः आज्ञा पाळून घोटाळे करतो, ते अजाणतेपणी. एला जाणूनबुजून सांगकामी होते. शब्द पाळून हेतू मोडण्याची ही युक्ती सत्ताहीन माणसांनी सर्वत्र वापरली आहे. घरातली मुले आणि नोकर तिच्यात विशेष तरबेज असतात.

तिचे दुसरे बळ म्हणजे भाषा. बुटक्यांची, एल्फांची, महाकाय राक्षसांची आणि शेजारच्या आयोर्था देशाची बोली ती आवडीने आत्मसात करते. पुढे नरभक्षक राक्षसांच्या तावडीत सापडल्यावर त्यांच्याच मधाळ, भुरळ घालणाऱ्या सुरात बोलून ती त्यांना निपचित करते. तलवार घेऊन येणारा राजपुत्र पोहोचतो तेव्हा मुख्य काम झालेले असते. एलाचे हे कौशल्य परीने दिलेले नाही, तिने स्वतः कमावले आहे, याकडे लेखिका वाचकाचे लक्ष हळूच वेधते.

एला पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना तिची आई जाते. पैशामागे धावणारा व्यापारी बाप तिला उच्चकुलीन मुलींना रीतभात शिकवणाऱ्या निवासी शाळेत पाठवतो. सोबत असतात पुढे तिच्या सावत्र बहिणी होणार असलेल्या हॅटी आणि ऑलिव्ह. हॅटीला कारण कळत नाही, पण एला सांगितलेले सारे ऐकते एवढे मात्र तिच्या लगेच ध्यानात येते. ती आधी एलाच्या आईचा गळ्यातला हार काढून घेते आणि पुढे एलाची एकुलती मैत्रीण अरिडा हिच्याशी मैत्री तोडण्याचा हुकूम देते. हार जातो तेव्हा एला सोसते. मैत्री तोडायची वेळ येते तेव्हा ती मैत्रिणीला कठोर शब्द सुनावण्याऐवजी रात्रीच शाळेतून पळ काढते. शापातही निवडीला जेवढी जागा उरते, तेवढी ती वापरते.

या प्रवासात तिला लुसिंडा भेटते. एला शाप काढून घेण्याची विनवणी करते. लुसिंडा मात्र तिला आज्ञाधारक असण्यात आनंद मानायचा हुकूम देऊन मोकळी होते! काही काळ एला खरोखर आनंदाने हुकूम पाळत राहते, आणि कादंबरीतला सर्वांत भयावह भाग हाच म्हणावा लागेल. ज्याला आपले बंधन बंधन वाटेनासे होते, त्याची सुटका कोण करणार? शेवटी मँडीच तो हुकूम उलट्या हुकमाने रद्द करते. हीच मँडी तिची धर्ममाता परी असल्याचे तोवर उघड झालेले असते. आपली देणगी काय होती हे लुसिंडाला खूप पुढे, स्वतः काही महिने आज्ञाधारक होऊन राहिल्यावरच उमजते. भल्या हेतूने दिलेली गोष्टही घेणाऱ्याला विचारल्याविना दिली तर जाच ठरू शकते, हे या पात्रातून ठसते.

प्रेमासाठी नकार

पारंपरिक कथेत राजपुत्र एका रात्रीत प्रेमात पडतो आणि त्याला मुलीचा चेहराही नीट आठवत नाही. ओळख पटवण्यासाठी बूट लागतो. येथे राजपुत्र चारमाँट आणि एला आईच्या अंत्यविधीच्या वेळी भेटतात, पुढे गप्पा होतात, दोघे जुन्या वाड्याच्या जिन्याच्या कठड्यांवरून घसरत खाली येतात. बापाच्या दुसऱ्या लग्नात दोघांना एका विसरलेल्या कोपऱ्यात काचेच्या बुटांचा जोड सापडतो. राजपुत्र वर्षभरासाठी आयोर्थाला जातो तेव्हा त्यांचे प्रेम पत्रांतून वाढते. या काळात एला सावत्र आईच्या घरी मोलकरणीचे जिणे जगत असते आणि आईने जिवंतपणी दिलेल्या हुकमामुळे शापाची गोष्ट तिला कोणालाही सांगता येत नाही.

राजपुत्र पत्रातून प्रेमाची कबुली देतो. एलाचे क्षणभर भान हरपते आणि मग तिला उमजते की हे लग्न झाले तर तिचा शाप राजपुत्राचाही होईल. कोणीही तिला दरबारातली गुपिते विचारून घेईल. राजपुत्राचा घात करायला सांगेल. तिला ते करावे लागेल. म्हणून ती स्वतःच्या लोभीपणाची खोटी कहाणी रचून त्याचे मन मोडते. मूळ गोष्टीत सावत्र आई सिंड्रेलाला राजपुत्रापासून दूर ठेवते. येथे एला स्वतःच दूर होते, विचारपूर्वक आणि मोठी किंमत मोजून.

पुढे नृत्यसमारंभ येतात, मुखवटा येतो, हॅटी तो ओढून काढते, बूट मागे राहतो आणि राजपुत्र तो घेऊन तिच्या दारात येतो. येथवर परीकथेची चौकट शाबूत आहे. बूट पायात बसतो. राजपुत्र प्रेमाने म्हणतो, माझ्याशी लग्न कर. नेमके येथेच कथेचा सांधा बदलतो, कारण एलासाठी ही विनंती नसून आज्ञा आहे. तिचे सारे शरीर होकारासाठी तडफडते. घरातली माणसेही आपापल्या लाभासाठी तिला होकार द्यायला सांगू लागतात. तिचे स्वतःचे मनही होकारच देऊ पाहत असते. या सर्वांविरुद्ध झगडून ती ‘नाही’ म्हणते आणि त्या क्षणी शाप तुटतो. कुठल्याही परीची कांडी किंवा राजपुत्राचे चुंबन त्याला कारण नसते. मुक्त झालेली एला मग स्वतः गुडघे टेकून राजपुत्राला मागणी घालते.

या प्रसंगातला विचार साधा, तरी खोल आहे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला अर्थ नसतो. एलाने आधी होकार दिला असता तरी लग्न झालेच असते. पण तो होकार तिचा नसता. संमती म्हणजे काय, यावर मोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला ही गोष्ट ती एका प्रसंगात कळवते. स्पर्श नकोसा वाटला तर मोठ्या माणसालाही ‘नाही’ म्हणा, असे आज मुलांना शिकवले जाते. त्याच मुलांना इतर वेळी मात्र ‘मोठ्यांचे ऐकावे’ हाच धडा मिळतो. या दोन शिकवणींतला ताण मुलांना जाणवत असतो. एलाच्या कथेत त्या ताणाला शब्द मिळतात.

पडद्यावरची एला

या कादंबरीवर २००४ साली टॉमी ओहेव्हर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. ॲन हॅथवे एलाच्या आणि ह्यू डॅन्सी राजपुत्राच्या भूमिकेत होते. चित्रपटाने शापाची कल्पना घेतली, पण सूर विनोदी, गाण्यांचा आणि आजच्या काळाला चिमटे काढणारा ठेवला. गादी बळकावू पाहणारा एक दुष्ट काका नव्याने आला. तो एलाला राजपुत्राची हत्या करण्याचा हुकूम देतो. पुस्तकात जी भीती एलाच्या मनात राहते, ती येथे प्रत्यक्ष घटना होते. चित्रपट पाहणाऱ्यांना मजा येते, मात्र पुस्तकावर जीव असलेल्यांची त्यावर नाराजी आजही ऐकू येते. एलाचा खरा संघर्ष बाहेरच्या खलनायकाशी नसून आत, शरीर आणि इच्छा यांच्यात चाललेला आहे. तो प्रथमपुरुषी निवेदनात जितका उतरतो, तितका पडद्यावर उतरणे कठीणच होते.

लेव्हिन यांनी पुढे याच कल्पित जगात ‘फेअरेस्ट’ (२००६) ही हिमगौरीच्या कथेवरची कादंबरी लिहिली, ती आयोर्था देशात घडते. ‘ओगर एन्चांटेड’ (२०१८) ही एलाच्या आधीच्या काळातली कथा. तरी वाचकांच्या मनात पहिले स्थान एलाचेच राहिले.

काही उणिवा

पुस्तकावर घेता येण्याजोगे आक्षेपही आहेत. इतक्या बंडानंतर कथा लग्नाशीच येऊन थांबते, हा त्यांतला पहिला. सावत्र बहिणी लोभी, मठ्ठ आणि बेढब अशा ठरीव साच्यात राहतात, हा दुसरा. जी लेखिका नायिकेला साच्यातून सोडवते तिने हॅटीलाही थोडी माणुसकी द्यायला हरकत नव्हती. शिवाय एलाचे आज्ञापालन जादूमुळे आहे. जादू नसताना केवळ भीतीने, गरिबीने किंवा मायेपोटी ऐकत राहणाऱ्या मुलींचे काय, असेही विचारता येईल.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर अंशतः पुस्तकातच आहे. लग्नानंतर एला राजकन्येची पदवी नाकारते आणि दरबारी भाषातज्ज्ञ व मुदपाकखान्यातली मदतनीस अशी दोन पदे स्वीकारते. पहिले तिच्या विद्येचे, दुसरे मँडीशी असलेल्या मायेचे. शेवटच्या आक्षेपाचे उत्तर वाचकच देतात. वास्तवात शाप नसतो, पण लहानपणापासून ‘ऐकणारी मुलगी’ म्हणून झालेले कौतुक कित्येकींच्या अंगात शापासारखेच मुरलेले असते. नकार देताना एलाला येते तशी भोवळ, तसा घशाशी आलेला श्वास अनेकींच्या ओळखीचा आहे. जादू येथे वास्तव झाकत नाही, ते स्पष्ट दिसावे म्हणून मोठे करून दाखवते.

परीकथा मुलांना द्याव्यात की नाही, हा वाद जुना आहे आणि तो संपणारही नाही. पण कथा बदलत आल्या म्हणूनच टिकल्या, हे सिंड्रेलाचा इतिहासच सांगतो. माशाच्या हाडांपासून काचेच्या बुटापर्यंत प्रत्येक काळाने तिला आपल्या गरजेप्रमाणे घडवले. रात्री अंथरुणावर गोष्ट सांगताना आई-आजीही ती थोडी बदलतच असते. तेव्हा पुढच्या वेळी एखादे मूल ‘ती ऐकते तरी का?’ असे विचारील, तेव्हा ‘ती गुणी होती’ एवढ्यावर गोष्ट पुढे ढकलू नये. त्या प्रश्नापाशी थोडे थांबावे. मुलाला पडलेला तो प्रश्न एका अख्ख्या कादंबरीच्या तोलाचा आहे.